मस्जिद स्टेशनच्या नावामागं सांगितली जाते एका मराठी ज्यू सुभेदाराची गोष्ट

नाशिकहून मुंबईला जाणारी गाडी सीएसएमटीला लागायच्या जरा आधी एक स्टेशन जातं, मस्जिद. बहुतेकांना वाटतं की जवळ एखादी मशीद असेल म्हणून हे नाव पडलं असणार. पण मुंबईतल्या जुन्या माणसांना विचारलं तर ते वेगळंच सांगतात. त्यांच्या म्हणण्यानुसार ही मशीद मुसलमानांची नव्हती, ज्यूंची होती. कारण कोकणातले ज्यू आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणायचे.

आणि ती बांधणाऱ्या माणसाचं नाव होतं सामाजी हसाजी दिवेकर.

नाव ऐकून हा माणूस ज्यू असेल असं वाटत नाही ना? त्यांचं हिब्रू वळणाचं नाव शमुवेल यहेज्केल, म्हणजे इंग्रजीतलं सॅम्युअल इझिकेल. पण कोकणात पिढ्यानपिढ्या राहिल्यावर शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला आणि दिवे गावावरून आडनाव पडलं दिवेकर. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, तसंच हे.

हा समाज म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेप्रमाणे, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. पुढं हे लोक गावोगाव तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे.

आता खरी गंमत पुढं आहे. जहाज फुटलं तेव्हा धर्मग्रंथही समुद्रात गेले असं हा समाज मानतो. हिब्रू विसरली गेली. लक्षात राहिली ती शमा ही एक प्रार्थना, शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि काही सण. त्या सणांची मूळ नावंही गेली, मग लोकांनी मराठी नावं दिली. ज्यूंचं नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण. खीर करायची तो खिरीचा सण. दिवसभर दारं लावून, पांढरे कपडे घालून उपास करायचा तो दारफळणीचा सण, बाकीचं जग त्याला योम किप्पूर म्हणतं. पुरीम होळीच्या आसपास येतो म्हणून तो सरळ होळीचा सण झाला.

पण या सगळ्यात एक सण असा होता जो पोथीशिवाय करताच येत नाही. तो म्हणजे सिम्हात तोरा, तोराच्या आनंदाचा दिवस. सामाजींच्या आयुष्याचा शेवट या पोथीपाशीच झाला.

सामाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत होते. त्या काळी बेने इस्राएल समाजातली बरीच पोरं घाणा सोडून पलटणीत भरती होत होती आणि वरच्या हुद्द्यापर्यंत पोचत होती. सामाजी सहाव्या पलटणीत नेटिव्ह कमांडंट झाले. हिंदुस्थानी माणसाला मिळू शकणारा हा मोठाच हुद्दा.

१७८० ते १७८४ मध्ये इंग्रज आणि म्हैसूरचं दुसरं युद्ध झालं. त्यात सामाजी आणि त्यांचा भाऊ इसाक टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. इथं समाजात एक गोष्ट सांगितली जाते. कैद्यांना मारायची वेळ आली तेव्हा या भावांनी आपण बेने इस्राएल असल्याचं सांगितलं. टिपूच्या आईनं ते ऐकलं. कुराणात बनी इस्राईलचा उल्लेख येतो, पण तसा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं शब्द टाकला आणि दोघांचा जीव वाचला. याला कागदाचा पुरावा मागू नये. पण दोनशे वर्षं घरोघरी टिकलेली गोष्ट आहे म्हणून इथं सांगितली.

कैदेत असताना सामाजींनी नवस केला होता म्हणतात, की सुटलो तर देवाचं घर बांधीन. ते सुटले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत प्रार्थनाघर बांधलं. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. त्याचं नाव शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला साजेसंच.

इमारत झाली. पण सिनेगॉगचा जीव असतो सेफेर तोरा. हे छापील पुस्तक नसतं, कातड्यावर हातानं लिहिलेली लांबलचक गुंडाळी असते. तीन लाखांच्या वर अक्षरं. एक जरी चुकलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही. लिहायला साधारण वर्ष जातं आणि ते काम शिकलेल्या लेखकाचंच. त्यात स्वरांच्या खुणाही नसतात, म्हणजे वाचणारासुद्धा तयारीचा लागतो.

हे मिळणार कुठं? कोचीनला. तिथं ज्यूंची जुनी, जाणकार वस्ती होती आणि १५६८ पासूनचं परदेशी सिनेगॉग होतं. सामाजी तोरासाठी कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथंच वारले. प्रार्थनाघर उघडून फार काळ झाला नव्हता. त्यांचं दफनही तिकडंच झालं.

पुढं एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक मुंबईत आणि कोकणात आले. हिब्रू वाचन सुरू झालं, गावोगाव सिनेगॉग उभी राहिली आणि सिम्हात तोराही रुळला.

हा सण येतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सुक्कोथ म्हणजे मांडवाचा सण संपता संपता. तोराचे ५४ भाग करून वर्षभर दर शनिवारी वाचत जातात. या दिवशी शेवटचा भाग संपतो. पण पोथी मिटून ठेवत नाहीत. मोशेच्या मृत्यूवर तोरा संपते आणि त्याच बैठकीत जगाच्या उत्पत्तीपासून पुन्हा वाचन सुरू होतं. शेवट वाचायला ज्याला बोलावतात त्याला तोराचा नवरदेव म्हणतात, सुरुवात करणारा दुसरा नवरदेव. आपल्याकडं पारायणाच्या सांगतेला जो उत्साह असतो, त्यात लग्नाची वरात मिसळा, म्हणजे अंदाज येईल.

सगळ्या गुंडाळ्या हेखालातून, म्हणजे पवित्र कपाटातून बाहेर काढतात. त्या हातात घेऊन सात फेऱ्या घालायच्या, गाणी म्हणायची, नाचायचं. एरवी सिनेगॉगात गप्प बसायला सांगितलेली पोरं या दिवशी मोकाट असतात आणि त्यांना खाऊ मिळतो.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. भारतात आता सगळ्या ज्यूंची संख्या काही हजारांत आहे. २०१६ साली महाराष्ट्रानं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. सामाजींचं सिनेगॉग १८६० पासून सध्याच्या जागी आहे, मस्जिद स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गोण्या आणि हातगाड्यांमधून वाट काढत जावं लागतं. रस्त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट.