जेम्स टॉमस मोल्सवर्थ

जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकारी व मराठी–इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते होते. त्यांचा कोश प्रथम १८३१ साली व सुधारून वाढविलेल्या रूपात १८५७ साली प्रसिद्ध झाला. जुने, दुर्मिळ आणि बोलीतील मराठी शब्द पाहण्यासाठी तो आजही वापरला जातो.

पार्श्वभूमी

मोल्सवर्थ किशोरवयातच कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन भारतात आले. देशी भाषांचा अभ्यास करून त्यांनी दुभाष्याची पात्रता मिळविली. १८१८ साली पेशवाई संपुष्टात आली आणि मराठी मुलखाचा कारभार इंग्रजांकडे गेला. जमाबंदीची दप्तरे, वतनांचे तंटे व न्यायालयीन साक्षी यांची भाषा मराठी असल्यामुळे अधिकाऱ्यांना विश्वसनीय कोशाची निकड भासू लागली. विल्यम कॅरी यांचा १८१० सालचा आणि व्हान्स केनेडी यांचा १८२४ सालचा कोश उपलब्ध होता. परंतु या गरजेच्या मानाने दोन्ही लहान होते.

सोलापूरच्या छावणीत असताना मोल्सवर्थ यांनी शब्दसंग्रहास आरंभ केला. सोलापूर हे निजामाच्या राज्याला लागून असलेले ठाणे होते. आजचा धाराशिव जिल्हा त्याच सीमेपलीकडे येत असे. या भागात मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू व दखनी भाषाही कानी पडत. टॉमस कँडी व जॉर्ज कँडी हे जुळे बंधू या कामात त्यांचे सहकारी झाले.

कोशाची रचना

पुढे मुंबई सरकारने हे काम आपल्या आश्रयाखाली घेतले व मुंबईत शास्त्रीमंडळ नेमण्यात आले. त्यात जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल व परशुरामपंत गोडबोले हे होते. या मंडळाचा मराठी–मराठी कोश १८२९ साली प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ व कँडी बंधू यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली छापून पूर्ण झाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते.

ग्रंथांतील संस्कृतप्रचुर शब्दांबरोबरच शेतकरी, कारागीर व घरगुती व्यवहार यांतील शब्द, वाक्प्रचार आणि म्हणी यांनाही कोशात स्थान मिळाले. शब्द संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी किंवा अन्य भाषेतून आला असल्यास तसा निर्देश केलेला आढळतो. काही नोंदी केवळ अर्थ देऊन थांबत नाहीत. बलुतेदार या शब्दाखाली गावगाड्यातील बारा बलुत्यांची थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळींत केलेली विभागणी दिली आहे. त्यामुळे मूळ व्यवस्था लोपल्यानंतरही शब्दाचा पूर्ण आशय वाचकाला कळू शकतो.

उत्तरायुष्य

यानंतर मोल्सवर्थ यांनी इंग्रजी–मराठी कोशाचे काम हाती घेतले. इंग्रजी शब्दाला नेमका मराठी प्रतिशब्द शोधणे, आणि तो नसल्यास अर्थ उलगडून सांगणे, हे त्याचे प्रयोजन होते. प्रकृती ढासळल्याने १८३६ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. अपुरे राहिलेले काम टॉमस कँडी यांनी पूर्ण केले व तो कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला.

लष्करी नोकरी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी सुसंगत नाही, असे मत झाल्याने मोल्सवर्थ यांनी तिचा त्याग केला आणि निवृत्तिवेतनही नाकारले. मात्र कोशाशी असलेला त्यांचा संबंध सुटला नाही. सरकारच्या निमंत्रणावरून १८५१ साली ते पुन्हा भारतात आले. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६०,००० झाली. मराठी भाषेची घटकतत्त्वे व प्रसार यांवरील जॉन विल्सन यांचे टिपण या आवृत्तीला जोडलेले आहे. त्यानंतर ते इंग्लंडला परतले व १८७१ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

शब्द पारखणारे शास्त्री ब्राह्मण विद्वान असल्याने प्रमाण मराठीची कल्पना त्यांच्या भाषेकडे झुकली. जाती व स्त्रिया यांविषयीच्या काही नोंदींत तत्कालीन पूर्वग्रह दिसतात. शब्दांच्या व्युत्पत्तीचा सविस्तर विचारही येथे नाही. ते काम कृ. पां. कुलकर्णी यांच्या मराठी व्युत्पत्ति कोशाने (१९४६) पुढे नेले.

असे असले, तरी बखरी, मोडी कागदपत्रे व जुने वाङ्मय वाचताना अडलेल्या शब्दासाठी अभ्यासक प्रथम याच कोशाकडे वळतात. बाबा पदमनजी यांनी १८६३ साली त्याची संक्षिप्त आवृत्ती केली. दाते–कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशालाही (१९३२–३८) त्याचा आधार झाला. १९७५ साली पुण्यात त्याचे पुनर्मुद्रण झाले व आता तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही पाहता येतो.