बॉलिंगला बाळू पालवणकर हवे होते, कॅप्टन म्हणून मात्र नको होते

आयपीएलच्या लिलावात आज बॉलरवर कोटींची बोली लागते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एक बॉलर महिना ४ रुपये पगारावर साहेबांना बॉल टाकायचा. पिचवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचा, टेनिस कोर्टची आखणीही करायचा.

त्यांचं नाव बाळू पालवणकर. भारताच्या पहिल्या मोठ्या स्पिनरपैकी एक.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाडचा. कुटुंब मूळचं कोकणातल्या पालवणचं, जात चांभार. वडील सैन्यात नोकरीला. पुण्यात आल्यावर बाळू आधी पारशी मंडळींच्या क्लबात आणि नंतर इंग्रजांच्या क्लबात कामाला लागले.

इथं ग्रेग नावाचा इंग्रज बॅट्समन होता. तो बाळूंसमोर रोज तासभर आधी येऊन सराव करायचा. सांगतात की, आऊट केलं की तो ८ आणे द्यायचा. या सरावातच बाळूंची डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही. बॅटिंग करायची साहेबांनी, बॉल टाकायचे नोकरांनी.

ही बॉलिंग बघून पुण्यातल्या हिंदूंच्या टीमनं त्यांना घेतलं. मैदानावर सगळे त्याच बॉलला हात लावायचे. पण चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचं ताटही वेगळं. विकेट पडत गेल्या तशी ही बंधनं थोडी सैल झाली, पण संपली नाहीत.

पुढं बाळू मुंबईला गेले, रेल्वेत नोकरी करू लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ रन्सनी हरवलं, त्या टीममध्ये बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघंही होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताची टीम इंग्लंडला गेली. टीम बरेच सामने हरली, पण बाळूंनी दौऱ्यात तब्बल ११४ विकेट काढल्या.

एवढं करूनही हिंदूंच्या टीमचं कॅप्टनपद त्यांना मिळालं नाही. दरवर्षी मागणी व्हायची, दरवर्षी दुसऱ्याचं नाव पुढं यायचं. १९२० मध्ये तर त्यांना टीममधूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला नकार दिला. शेवटी बाळूंना परत घेऊन उपकॅप्टन करावं लागलं.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कॅप्टन झाले आणि टीमनं स्पर्धा जिंकली. मोठ्या भावाला नाकारलेली जागा धाकट्याला मिळाली होती.

मैदान सोडल्यावर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये काँग्रेसनं त्यांना थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. आंबेडकरांना ज्या खेळाडूचा अभिमान वाटायचा, तोच समोर उमेदवार. आंबेडकर सुमारे २,००० मतांनी जिंकले.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळूंचं निधन झालं. ३३ फर्स्ट क्लास सामने, १७९ विकेट, सरासरी १५ च्या आसपास. रेकॉर्ड बुकात एवढं सगळं सापडतं, फक्त त्यांच्या नावापुढं कॅप्टन लिहिलेलं सापडत नाही.