चीनचा धोका १९५९ मध्येच ओळखणारे कोल्हापूरचे जनरल थोरात

१९६२ च्या युद्धात चीनसमोर आपला पराभव झाला. पण या हल्ल्याचा इशारा तीन वर्षं आधीच एका मराठी अधिकाऱ्याने लेखी दिला होता. ते होते लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजेच एसपीपी थोरात.

त्यांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचा. इंग्लंडच्या सँडहर्स्ट मिलिटरी कॉलेजात शिकून १९२६ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले. भारतीय माणूस युद्धात पलटणीचं नेतृत्व करू शकेल का, याचीच तेव्हा अनेक इंग्रजांना शंका होती.

त्याचं उत्तर जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगावच्या लढाईत मिळालं. जपानी फौजेविरुद्ध एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणींचं नेतृत्व भारतीयांकडे होतं: थोरात, के. एस. थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हा शौर्याचा मोठा सन्मान मिळाला.

१९५३ मध्ये कोरियात शस्त्रसंधी झाली. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून जास्त युद्धकैद्यांची जबाबदारी भारतीय सैन्याकडे आली आणि त्या दलाचे प्रमुख होते थोरात. एकदा चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं. थोरात स्वतः त्या संतप्त जमावात शिरले आणि गोळीबार न करता त्याला सोडवून आणलं. त्यासाठी त्यांना अशोकचक्र (वर्ग २) मिळालं. आज त्यालाच कीर्तिचक्र म्हणतात.

१९५७ मध्ये ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. आजचा अरुणाचल म्हणजे तेव्हाचा नेफा त्यांच्याच अखत्यारीत होता. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी त्याच्या संरक्षणाचा आराखडा दिल्लीला पाठवला. मुख्य लढाई थेट सीमेवर न करता मागे बोमडिलाच्या पट्ट्यात करावी, असा त्यांचा मुद्दा होता. शत्रू डोंगर ओलांडून आत आला की त्याची रसद लांबते आणि आपली जवळ येते, हे त्यामागचं गणित. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' या युद्धसरावात त्यांनी हाच धोका पुन्हा मांडला.

पण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो मानला नाही.

१९६१ मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनी आपल्यानंतर थोरातांचं नाव सुचवलं. सरकारने निवडलं सेवाज्येष्ठ पी. एन. थापर यांना. थोरात निवृत्त झाले.

पुढच्याच वर्षी सेला आणि बोमडिला पडलं. मेनन आणि थापर दोघांनाही पायउतार व्हावं लागलं. थोरातांच्या आत्मचरित्रानुसार, त्यानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. तो आराखडा आपल्यापर्यंत आलाच नव्हता, हे पंतप्रधानांना तेव्हा कळलं.

थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेण्यात आलं. पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षही झाले. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचा आराखडा मानला असता तर युद्ध जिंकलं असतं का, हे सांगता येणार नाही. पण तो वेळेत वाचला जाणं तरी दिल्लीच्या हातात होतं.