मार्टिन रिंकार्ट यांची उपकारस्तुति

पीक बुडालें किंवा घरांत आजार शिरला, कीं आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या मुखांतील स्तुति थांबते. अशा दिवसांत देवाचे उपकार मानणें हें ढोंग नव्हे काय, असें कित्येक विचारतात. या प्रश्नाचें उत्तर एका पाळकाच्या चरित्रांत मिळतें, म्हणून तें आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

मार्टिन रिंकार्ट यांचा जन्म जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत आयलेनबुर्ग या गांवीं १५८६ सालीं झाला. त्यांचे वडील लांकडी पिंपें करीत. मार्टिन लाइपझिग येथें शिकले आणि १६१७ सालीं आपल्याच गांवच्या मंडळीच्या सेवेस आले. पुढच्याच वर्षीं तीस वर्षांचें युद्ध पेटलें, आणि त्यांची बहुतेक सेवा त्या आगींतच घडली.

आयलेनबुर्गला तट होता. म्हणून चोहोंकडील निराश्रित लोक तेथें येऊन दाटले. १६३७ सालीं त्या दाटींत महामारी शिरली. सोबतचे पाळक कोणी गांव सोडून गेले, कोणी मरण पावले; रिंकार्ट एकटे उरले. एकेका दिवशीं चाळीस-पन्नास प्रेतांवर ते प्रार्थना करीत. सुमारें ४,४८० जणांस त्यांनीं मूठमाती दिली. त्याच वर्षीं त्यांची पत्नीही वारली.

मरीमागून दुष्काळ आला. त्यांच्या दारीं भुकेलेल्यांची गर्दी होई. जवळ होतें तें त्यांनीं वांटलें, आणि स्वतःच्या लेकरांच्या अन्नवस्त्रासाठीं पुढील कित्येक वर्षांचें उत्पन्न गहाण टाकलें. १६३९ सालीं स्वीडिश सैन्यानें गांवाकडे ३०,००० थालर नाण्यांची खंडणी मागितली. रिंकार्ट यांनीं दयेची याचना केली, ती झिडकारली गेली. तेव्हां आपल्या लोकांसह ते गुडघे टेकून देवाजवळ दया मागूं लागले. शेवटीं खंडणी पुष्कळच कमी करण्यांत आली.

आज अनेक देशांत गाइलें जाणारें त्यांचें उपकारस्तुतीचें गीत याच युद्धकाळांतलें आहे. तें शांतीच्या आनंदांत रचलें असावें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु १६४७ सालीं तें बर्लिन येथील योहान क्रूगर यांच्या गीतसंग्रहांत आलें होतें, आणि तह झाला १६४८ सालीं. शिवाय तें कोणत्या समारंभाकरितां नव्हे, तर जेवणाच्या वेळची प्रार्थना म्हणून रचलें होतें. शांति आल्यावर वर्षभरानें, १६४९ सालीं, रिंकार्ट निवर्तले.

या पाळकानें दुःख झांकलें नाहीं. कबरीपाशीं तो रोज उभा राहिला. तरी भाकरीवर देणाऱ्याचें नांव घेण्यास चांगल्या दिवसांची वाट त्यानें पाहिली नाहीं. शिवाय स्तुति करणारें तोंड आणि वांटणारा हात हीं एकाच माणसाचीं होतीं. म्हणून ती स्तुति ढोंग ठरली नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, आज सायंकाळीं ताटांत जें थोडें असेल त्यावर देवाचे उपकार माना, आणि शेजारच्या घरीं चूल पेटली आहे कीं नाहीं, हेंही पाहून या.