गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ता (जन्म : अंदाजे इ.स. १५०१, कास्तेलो द व्हिदे, पोर्तुगाल. मृत्यू : इ.स. १५६८, गोवा) हे पोर्तुगीज वैद्य आणि भारतीय औषधी वनस्पतींचे अभ्यासक होते. त्यांचा संवादरूप ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पूर्ण झाला.

जीवन

ओर्तांचे आईवडील स्पेनमधून हद्दपार झालेले व पुढे सक्तीने ख्रिस्ती झालेले ज्यू होते. सालामांका व अल्काला येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ओर्तांनी लिस्बन विद्यापीठात अध्यापन केले. मार्च १५३४ मध्ये मार्तिम अफोंसू द सोझा यांच्या आरमाराबरोबर ते निघाले आणि सप्टेंबरात गोव्यास पोहोचले. त्यानंतर ते मायदेशी परतले नाहीत. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा याच्यावर त्यांनी उपचार केले. त्याच्या दरबारातील हकीमांकडून औषधांची अरबी नावे व उपयोग त्यांना कळले. (याच निजामशाहीची गादी अहमदनगर पडल्यावर, इ.स. १६०० नंतर, काही काळ आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा किल्ल्यात होती.) इ.स. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यांना भाडेपट्ट्याने मिळाले.

हिरडा, बेहडा, आवळा

ग्रंथात ५९ संवाद आहेत. नुकताच आलेला रुआनो हा विद्वान प्राचीन ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेले सांगतात. आशियाई पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले पहिले तपशीलवार वर्णन याच ग्रंथात आहे.

युरोपातील औषधविक्रेत्यांकडे हिरडावर्गीय सुकी फळे पाच प्रकारांची म्हणून येत. ही सारी एकाच झाडाची फळे असावीत, असा समज तेथे होता. ओर्तांनी तो खोडून काढला व पाचही झाडे वेगळी ठरवली. येथे ते अर्धेच बरोबर होते. आवळा व बेहडा खरोखर निराळे वृक्ष आहेत. पण उरलेले तीन प्रकार एकाच हिरड्याच्या कमी-अधिक पक्व फळांचे आहेत. बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा ही मराठी नावे हाच भेद सांगतात. कोवळे फळ सुकून काळे पडते, पक्व फळ पिवळसर राहते. हिरड्यातील टॅनिने, गॅलिक व चेब्युलिक आम्ले आणि आवळ्यातील क जीवनसत्त्व यांमुळे या फळांत ऑक्सिडीकरणरोधक गुण आढळतो. ओर्तांच्या काळी हे मोजण्याचे साधन नव्हते. चव, रंग आणि रोग्यावरचा परिणाम एवढ्यावरच त्यांना भागवावे लागले.

स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुली त्यांनी ग्रंथात दिली आहे. गोव्यातही ते पूर्ण सुरक्षित नव्हते.

धर्मन्यायालय

इ.स. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) आले. ओर्तांना हयातीत अटक झाली नाही. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १५६९ मध्ये, त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. इ.स. १५८० मध्ये ओर्तांनाही मरणोत्तर दोषी ठरवून त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या.

तोपर्यंत ग्रंथ युरोपात पोहोचला होता. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप इ.स. १५६७ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध केला. मूळ पोर्तुगीज ग्रंथापेक्षा हा संक्षेपच अधिक वाचला गेला. त्यात संवाद गळाले आणि रुआनोही नाहीसा झाला. पणजीतील महापालिका उद्यानाला ओर्तांचे नाव देण्यात आले होते.