ज्यांच्यामुळे रविवार मिळाला

बँकेत मी छत्तीस वर्षं नोकरी केली. सहामाही हिशेबात एखादा रविवार बुडाला की आम्ही सगळे चिडायचो. पण ही सुट्टी कुणीतरी झगडून मिळवलीय, हे मला निवृत्तीनंतर वाचनालयात बसायला लागल्यावर कळलं. त्यांचं नाव रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. तोवर आपल्याकडे कामाचा दिवस ऊन, पाऊस आणि बैलांचा दम पाहून ठरायचा. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणी काढायला घेतली आणि पुढे माणसाचा दिवस भोंग्याच्या ताब्यात गेला. आपल्या शेजारी सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. दुष्काळात शेत सोडून आपल्या भागातली कितीतरी माणसं सोलापूरच्या गिरण्यांत गेली. माझे चुलतेही त्यातलेच.

सुरुवातीच्या काळात गिरणीत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम असायचं. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही, पगार वेळेवर नाही. लोखंडे मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. आपली खुर्ची सांभाळून गप्प बसता आलं असतं. पण ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी नोकरी सोडली आणि १८८० मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं 'दीनबंधु' हे पत्र चालवायला घेतलं.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा भरवली. मागण्या साध्याच होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, यंत्रात सापडून जखमी झालेल्याला भरपाई. अर्जावर साडेपाच हजार सह्या-अंगठे झाले. मालकांनी दाद दिली नाही. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच सुट्टीचा असावा, असं ते पटवून देत, असं सांगतात. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आपल्याच तालुक्यातला, त्यामुळे हे वाचून मला मोठी गंमत वाटली.

सहा वर्षं त्यांनी पिच्छा सोडला नाही. एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांवर कामगार जमले. दोन कामगार बायकाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी ती कायद्यात आली.

मुंबईत प्लेग आला तेव्हा लोखंडे रोग्यांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला त्याच रोगाने गेले. वय पन्नाशीच्या आतलं. २००५ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

आता थोडं घरचं. पंचवीस वर्षांत आपण रंग काढला, बोअर घेतलं, गेट नवं बसवलं. त्यातली सहा वर्षं मी सचिव होतो. वॉचमनच्या पगाराच्या व्हाउचरवर दर महिन्याला सही करायचो. त्याला आठवड्याची सुट्टी नाही, हे कधी माझ्या ध्यानातच आलं नाही. पौर्णिमेला तुळजापूर गर्दीनं फुलून जातं. त्या दिवशी तर तो दुप्पट राबतो.

येत्या वार्षिक सभेत त्याच्या सुट्टीचा आणि बदली माणसाच्या पगाराचा ठराव मी मांडणार आहे. घरटी खर्च थोडाच वाढेल, हिशेब मी करून ठेवलाय. अनुमोदन तेवढं तुम्ही द्या.