मेरी स्टोप्स

मेरी शार्लट कारमायकेल स्टोप्स (जन्म : १५ ऑक्टोबर १८८०, एडिनबरा, मृत्यू : २ ऑक्टोबर १९५८) या ब्रिटिश पुरावनस्पतिशास्त्रज्ञ व संततिनियमनाच्या प्रचारक होत्या. १९१८ साली प्रसिद्ध झालेले ‘मॅरिड लव्ह’ हे पुस्तक आणि १९२१ मध्ये लंडनच्या हॉलोवे भागात काढलेले संततिनियमन केंद्र यांमुळे त्या ख्यातनाम झाल्या. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी असेच केंद्र सुरू केले. या कीर्तीमागे त्यांचे कोळशावरील संशोधन झाकोळले गेले. भूवैज्ञानिकांच्या रोजच्या कामात मात्र ते टिकून आहे.

लंडन येथे पदवी व १९०४ मध्ये म्यूनिक येथे डॉक्टरेट मिळवून त्या मँचेस्टर विद्यापीठात दाखल झाल्या. तेथील विज्ञान शाखेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यापक होत. दक्षिण ध्रुवाकडे निघण्याच्या तयारीत असलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्याकडे त्यांनी सोबत नेण्याची गळ घातली, पण ती मान्य झाली नाही. १९१२ मध्ये बर्फात सापडलेल्या स्कॉट यांच्या तुकडीच्या मृतदेहांजवळ सुमारे १६ किलो खडक होते. त्यांत ग्लोसोप्टेरिस वनस्पतीचे जीवाश्म निघाले. चंद्रपूर-यवतमाळकडील वर्धा खोऱ्यातला कोळसाही याच वनस्पतींच्या काळातला आहे.

१९१९ मध्ये स्टोप्स यांनी पट्टेदार दगडी कोळशात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणारे चार घटक वेगळे केले : व्हिट्रेन, क्लॅरेन, ड्यूरेन व फ्यूसेन. खडकात जशी खनिजे, तसे कोळशात सूक्ष्म सेंद्रिय घटक असतात. त्यांना १९३५ मध्ये त्यांनी ‘मॅसेरल’ हे नाव दिले. लाकडी ऊतींपासून बनलेले व्हिट्रिनाइट हे त्यांपैकीच. गाळाचे थर खोल गाडले जातात तसे तापतात आणि व्हिट्रिनाइटची चकाकी वाढत जाते. पुढे थर वर उचलले जाऊन थंड झाले, तरी ती उतरत नाही. त्यामुळे खोरे पूर्वी किती तापले होते याचा तो पुरावा ठरतो. परावर्तन मोजण्याची पद्धत इतर संशोधकांनी विकसित केली. ते साधारण ०.६ ते १.३ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास त्या थरांत खनिज तेल तयार होण्याजोगी उष्णता लाभली असे मानतात. त्यापुढे मुख्यतः वायू मिळतो. शेलसारख्या खडकांतही व्हिट्रिनाइटचे कण सापडतात, म्हणून कोळसा नसलेल्या खोऱ्यांतही ही कसोटी चालते.

स्टोप्स सुप्रजननवादाच्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या आणि त्यांच्या सामाजिक कार्याचे मूल्यमापन त्याविना अपुरे राहते. आपल्या मुलाने चष्मा लावणाऱ्या मुलीशी विवाह करण्यालाही त्यांनी विरोध केला होता.